परिचराचा निष्काळजीपणा

४ जुलै

मामा,

साष्टांग नमस्कार. फोन केला की तू "काय? काय?" करत बसतोस आणि शेवटी मामीच माझ्याशी बोलते, म्हणून हे पत्र. कामाचं आहे, नीट बसून वाच.

मागच्या महिन्यात आमच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रयोगशाळेत एक मुलगी भाजली. सेंद्रिय रसायनशास्त्राचं तिचं पहिलंच प्रॅक्टिकल. अल्कोहोल उकळायला ठेवण्याआधी, उकळी एकदम उसळू नये म्हणून फ्लास्कमध्ये पोर्सिलीनचे तुकडे टाकायचे असतात, ते ती विसरली. पाच मिनिटांनी आठवलं तेव्हा तिने ते तापलेल्या द्रवात वरून टाकले. पुढचं तुला सांगायला नको. सगळा फ्लास्क एका दमात बाहेर उसळला, शेजारच्या बर्नरवर पडला आणि पेटला. तिचा गळा, हनुवटी, उजवा हात. शर्टाचं कापड कातडीत वितळलं होतं. मी ते सोलून काढलं नाही, नुसतं पाणी ओतत राहिले. ती ओरडत नव्हती रे. ती मला सॉरी म्हणत होती.

गरम द्रवात तुकडे टाकायचे नसतात, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आमची मुलं वर्षभर सगळं फळ्यावर शिकतात आणि मग एके दिवशी आपण त्यांच्या हातात आग देतो.

म्हणून मी नवा अभ्यासक्रम मांडला आहे. खरी प्रॅक्टिकल्स सुरू होण्याआधी एक सत्र, बारा तास, फक्त हात बसवण्यासाठी. काच कशी धरायची, काय कशाजवळ ठेवायचं नाही, ऊर्ध्वपातन, स्फटिकीकरण, उरलेलं कुठे ओतायचं. विभागप्रमुखांनी कागद वाचला आणि म्हणाले, "ज्यांचे हात थरथरतात त्यांनी इतिहास शिकावा. माझ्या काळात इथे एकच मोठा अपघात झाला, तोही नोकराच्या चुकीने."

तो नोकर म्हणजे तू. मी जुनी नोंद काढून पाहिली. एवढंच आहे: "ईथरचा स्फोट. परिचराचा निष्काळजीपणा. मृत एक, जखमी एक."

मृत एक? तुझा डोळा आणि कान गेला एवढंच मला माहीत. बाकी घरात कोणी कधी बोललं नाही. १२ सप्टेंबरला प्रस्ताव विद्यापरिषदेसमोर जाणार आहे, त्यात मला हा अपघात नीट लिहायचा आहे. नेमकं काय झालं होतं?

तुझी ठमी

११ जुलै

ठमे,

अनेक आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं, एका डोळ्याने वाचतो म्हणून दुप्पट वेळ लागतो असं तुझ्या मामीचं म्हणणं. सगळा विभाग मला मामा म्हणायचा, पण खरी भाची एकच आणि तीच माझ्या मानगुटीवर बसलीय.

अपघाताचं काय, झाला. ईथर जुनं होतं, मी बघितलं नाही. मृत एक म्हणजे झाडलोट करणारी बाई. वाईट झालं. लिहिलंय तेच बरोबर आहे, तेच तू लिही आणि मोकळी हो. तेवीस वर्षं झाली, तू चौथीत होतीस.

अभ्यासक्रम मात्र छान आहे. चार गोष्टी सांगतो, तुझ्या पुस्तकात नसतील. पहिल्या दिवशी पोरांना नुसतं पाणी दे. पाणी उकळू दे, पाणी गाळू दे, पाणी सांडू दे. दुसरं, काचेची नळी बुचात घालताना टॉवेल गुंडाळायला लाव, त्या एका कामात मी जेवढे तळहात फाटलेले पाहिले तेवढे आगीत जळलेले पाहिले नाहीत. तिसरं, घाईत असलेल्या पोराला टेबलापासून लांब कर, मग तो कितीही हुशार असो. चौथं विसरलो, आठवलं की लिहितो.

आणि एक. तुझ्या प्रमुखाशी वाद घालू नकोस. त्याला राग आला की त्याच्यासमोर उभी राहू नकोस. दाराजवळ उभी राहा. हे मी गमतीने लिहीत नाहीये.

मामा

३ ऑगस्ट

मामा,

तुझ्या सल्ल्याने पाण्यापासूनच सुरुवात केली. परिषदेला दाखवायला काहीतरी हवं म्हणून मी आठ विद्यार्थी घेऊन तीन तास करून पाहिले. पहिला तास तर शाळेच्या सहलीसारखा झाला. त्यांच्यात एक जण आहे, सगळे त्याला वकील म्हणतात, कारण तो प्रत्येक वाक्याला "का?" विचारतो. घरात पहिलाच शिकणारा. त्याचे हात मात्र असे की बघत राहावं. काचेला काच लागल्याचा आवाज होत नाही.

दाराजवळ उभं राहायची तुझी सूचना वाचून हसू आलं. सर तिरसट आहेत, पण आता साठीला आले आहेत. माणूस मवाळ होतो रे वयाने.

तिसऱ्या तासाला मात्र विघ्न आलं. सर पाहायला आले होते. थोडी बोलाचाली झाली आणि वकिलाच्या हातातलं सेपरेटिंग फनेल, ते द्रव वेगळे करायचं काचेचं भांडं, फुटलं. मनगटाला खोल लागलं. रक्त खूप गेलं, टेबलावरून खाली ठिबकत होतं. ऑपरेशन झालं. रीतसर अहवाल वगैरे देऊन झाला आहे. तू काळजी करू नकोस.

मला वाटतं सरांचा विरोध खरं तर नव्याला असतो तसाच आहे. समजावलं तर ऐकतील.

ठमी

८ ऑगस्ट

ठमे,

पत्र मिळालं. तू लिहिलंयस, "फनेल फुटलं." मी एकतीस वर्षं काच हाताळली. ज्याच्या हातात काचेचा आवाज होत नाही, त्याच्या हातात ती आपली आपण फुटत नाही.

कोणाचा हात लागला? आणि अहवालात काय लिहिलंस?

मामा

१९ ऑगस्ट

मामा,

तुझं पत्र आठवडाभर पर्समध्ये घेऊन फिरले. आता लिहिते.

सर आत आले आणि म्हणाले, "पाण्याची शाळा चाललीय वाटतं." वकील म्हणाला, "सर, पाण्यात चुकलो तर कोणी मरत नाही, म्हणून." त्याने उद्धटपणे म्हटलं नव्हतं, कारण सांगतात तसं सांगितलं. सरांनी थोबाडीत मारली. पूर्ण हात मागे नेऊन. वकील टेबलावर आदळला आणि फनेल त्याच्या मनगटाखाली फुटलं. मी मनगट धरलं तर माझ्या बोटांना आत दोरीसारखं काहीतरी सुटं लागलं. सर तिथेच उभे राहून म्हणाले, "विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा. मॅडम, लिहा."

मी लिहिलं. सहीसुद्धा केली. माझी नोकरी कायम व्हायची आहे, त्या कागदावर सरांची शिफारस लागते, आणि प्रस्तावही त्यांच्याच हातून पुढे जायचा होता. त्या वेळी मी स्वतःला हेच सांगितलं, की अभ्यासक्रम आला तर पुढच्या शंभर जणांचे हात वाचतील.

वकिलाची दोन बोटं वळत नाहीत. वळणारही नाहीत, असं डॉक्टर म्हणतात.

परवा दुपारी वकिलाच्या हाताचा बदला घ्यायला तीस-चाळीस जण लोखंडी गज घेऊन आले. थोडे आमचे विद्यार्थी, बाकीचे कुठले देव जाणे. आधी त्यांनी पहारेकऱ्याला मारलं. तो खाली पडल्यावरही मारत होते. मग कपाटं पाडली. नायट्रिक आम्लाची बाटली फुटून जमिनीवर लाल-पिवळा धूर उठला, पाठोपाठ सॉल्व्हंटने पेट घेतला. मी वाळूच्या बादल्या ओतत होते. एका मुलाने मला ओळखलं. माझ्या वर्गातला. म्हणाला, "ही पण खोटारडी आहे," आणि हातातली बाटली फेकली. कपाळाला सहा टाके पडले. मामा, तो खरं बोलत होता.

सर आता सगळ्यांना सांगत फिरतात, "मॅडमना ही टोळी आणखी एक सत्र प्रयोगशाळेत बसवायचीय." मी प्रस्ताव मागे घेणार आहे.

ठमी

२५ ऑगस्ट

ठमे,

प्रस्ताव मागे घेऊ नकोस. आधी हे वाच, मग ठरव. हे मी तुझ्या मामीलाही सांगितलेलं नाही.

तुझा प्रमुख तेव्हा नवा लेक्चरर होता. दुसऱ्या दिवशी कोणी मोठा पाहुणा यायचा होता आणि ह्याला प्रयोग दाखवायला शुद्ध ईथर हवं होतं. कपाटात एकच बाटली होती, कितीतरी वर्षांची, झाकणाभोवती पांढरे खडे जमलेली. मी म्हटलं, "साहेब, हे मी उकळणार नाही. ह्यात पेरॉक्साइड धरलंय, हे फुटतं." एवढं मला येत होतं. त्याने स्टँडचा लोखंडी दांडा काढला आणि माझ्या डाव्या कानावर हाणला. मी गुडघ्यावर आलो. कानातून गरम काहीतरी वाहत होतं. तो म्हणाला, "बाटल्या धुणाऱ्याने मला रसायन शिकवू नये," आणि दुसऱ्यांदा दांडा उचलला.

मी उठलो आणि बाटली उघडली. गरम पाण्याच्या टबात फ्लास्क ठेवला आणि उकळायला लावलं. तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला, म्हणजे त्याला कळत होतं. तळाशी थोडंच उरलं तेव्हा मी आता बंद करतो असं मनाशी म्हणत होतो. तेवढ्यात बाई फडकं घेऊन आत आली, नळाखाली पाणी सांडलं होतं ते पुसायला. मी तिला बाहेर जा म्हणायला तोंड उघडलं आणि फ्लास्क गेला.

माझा एक डोळा गेला. तिच्या मानेत काच घुसली. कुठे दाबायचं ते मला दिसत नव्हतं ग. माझ्याच चेहऱ्यावरचं रक्त मधे येत होतं. मी चाचपडत होतो आणि ती माझ्या मांडीवर गेली.

डॉक्टर म्हणाले कान स्फोटाने गेला. कान स्फोटाच्या अर्धा तास आधी गेला होता.

इस्पितळात तो कागद घेऊन आला. सही केली तर नोकरी राहील, नाहीतर बाईच्या मरणाबद्दल तुरुंगात जाशील, म्हणाला. मी सही केली. भीतीने केली. तू निदान शंभर हातांचा विचार केलास, मी माझ्या एकट्याचा केला.

बरा होऊन परत आलो तर बाईच्या नवऱ्याने मला रस्त्यात गाठलं. गवंडी होता, हात दगडासारखे. फळकुटाने मारलं, दोन बरगड्या मोडल्या. मी हात वर केला नाही, तोंडही उघडलं नाही. मग आणखी सतरा वर्षं मी त्या साहेबाच्या बाटल्या धुतल्या.

तू तिथे नोकरी घेतलीस तेव्हा मी नको म्हणालो होतो. का नको ते सांगायला हवं होतं.

मामा

२९ ऑगस्ट

मामा,

तुझं पत्र वाचलं. तुझ्यावर रागावले आहे, आणि मला रागवायचा अधिकार नाही हेही कळतंय. तू सांगितलं असतंस तर वकिलाचा हात वाचला असता. मी सही केली नसती तर निदान त्याच्याशी मी खोटी वागले नसते.

एकच विचारते. बाईच्या नवऱ्याला आजपर्यंत कोणी खरं सांगितलं आहे का?

ठमी

५ सप्टेंबर

ठमे,

नव्हतं सांगितलं. काल सांगून आलो.

पत्ता शोधायला दोन दिवस लागले. तो आता म्हातारा झालाय, कमरेतून वाकलाय. लेक शिवणकाम करते, ती तेव्हा पाच वर्षांची होती. बाहेरच्या खोलीत तिचं मशीन, जमिनीवर कापडाचे तुकडे. मी कोण ते सांगितल्यावर त्याने मला बसायला खुर्ची दिली. मला वाटलं होतं हाकलून देईल. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

मग म्हणाला, "मी तुला मारत होतो तेव्हा तुला तोंड नव्हतं का?"

मी म्हटलं, "भीती वाटत होती."

"माझी?"

"नाही. त्याची."

तो म्हणाला, "म्हणजे मी उगाच मारलं. आणि ज्याला मारायचं त्याला रस्त्यात नमस्कार घालत आलो. त्याने बायकोच्या मातीला हार पाठवला होता."

लेक मशीनवरून उठली. तिने हातातली कात्री आधी खाली ठेवली, नीट, टेबलाच्या मधोमध. मग येऊन मला मारलं. एक, दोन, किती ते आठवत नाही. ओठ फाटला, पुढचा एक दात हलतोय. म्हातारा तिला थांबवत नव्हता. थांबली तेव्हा तिचाच हात सुजला होता. म्हणाली, "लिहून द्या. आत्ता. माझ्यासमोर."

मी लिहिलं. ती प्रत्येक ओळ वाचत होती. एका ठिकाणी मी "दुर्दैवाने" लिहिलं होतं, तिने तो शब्द खोडायला लावला. खाली मी सही केली, साक्षीदार म्हणून तिने केली, म्हाताऱ्याने केली. एक प्रत तिने पोलिसांत देण्यासाठी ठेवली. दुसरी ह्या पत्रासोबत आहे. परिषदेत वाच. मला बोलावलंस तर येईन, पण एवढ्या माणसांचे प्रश्न मला एका कानाने ऐकू येणार नाहीत.

मामा

१६ सप्टेंबर

मामा,

वाचलं.

लांब टेबल, वीसेक माणसं, अध्यक्षस्थानी कुलगुरू. सर माझ्या समोर. मी आधी अभ्यासक्रम मांडला, बारा तास, काय आणि का. मग म्हटलं, ह्या विभागातल्या अपघातांच्या नोंदी खोट्या आहेत, त्यातली एक मी स्वतः लिहिली आहे. वकिलाचं सगळं सांगितलं. माझी सही दाखवली. नंतर तुझा कागद काढला.

अर्ध्यावर आले तेव्हा सर उठले. "एका आंधळ्या-बहिऱ्या गड्याचं ऐकायला आपण जमलोय का?" मी वाचत राहिले. "लोखंडी दांडा" हे शब्द वाचले तेव्हा ते टेबलाला वळसा घालून आले. मी दाराजवळ नव्हते. त्यांनी कागद ओढला, मी सोडला नाही, तेव्हा माझं मनगट धरून पिरगळलं आणि माझं डोकं टेबलावर आपटलं. टाक्यांची जखम पुन्हा उघडली. पांढऱ्या कागदांवर रक्त सांडलं. भौतिकशास्त्राच्या मॅडमनी खुर्ची उचलून त्यांच्या पाठीत घातली तेव्हा त्यांनी सोडलं. मनगटाचं हाड चिरलंय, हे डाव्या हाताने लिहितेय, अक्षर लावून घे.

तुला एक सांगते, मामा. मी डोकं वर केलं तेव्हा सगळ्यांचे चेहरे पाहिले. घाबरलेले होते, पण कोणालाही आश्चर्य वाटलेलं नव्हतं. त्यातल्या निम्म्यांना हा माणूस ठाऊक होता, तुझ्यासारखा, माझ्यासारखा.

कुलगुरूंनी दार लावायला सांगितलं आणि मला उरलेलं वाचायला सांगितलं. मी वाचलं. सरांना निलंबित केलंय, पोलिसांनी दोन्ही प्रकरणं नोंदवून घेतली आहेत. अभ्यासक्रम जानेवारीपासून मंजूर झाला. खोट्या अहवालाबद्दल मला ताकीद मिळाली आणि नोकरी कायम होणं दोन वर्षं पुढे गेलं. ते योग्यच आहे.

ठमी

२४ सप्टेंबर

ठमे,

अक्षर लागलं. पोलिसांनी मला बोलावलं होतं. बाईची लेक माझ्याबरोबर आली, त्यांचे प्रश्न ती माझ्या उजव्या कानात ओरडून सांगत होती. माझ्यावरही खोट्या जबाबाचं होईल ते होईल. परतताना ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, एसटी स्टँडवर सोडून निघून गेली.

तुझी मामी चार दिवस माझ्याशी बोलत नव्हती. आता भांडते, म्हणजे बरं आहे.

त्या वकिलाला भेटलीस का? परिषदेत सांगणं वेगळं.

मामा

१२ जानेवारी

मामा,

भेटले होते. ऑक्टोबरात त्याच्या घरी गेले. आईने दार उघडलं आणि मी कोण ते कळल्यावर लावून घेतलं. मी पत्र टाकून आले. उत्तर आलं नाही.

काल नव्या अभ्यासक्रमाचा पहिला तास झाला. चोवीस विद्यार्थी. भिंतीवर अजून जळाल्याचे डाग आहेत, रंग द्यायचा राहिलाय. गॅसचे बर्नर काढून टाकले, त्यांच्या जागी विजेच्या शेगड्या आल्या. भाजलेली मुलगीही आली होती, गळ्यावरची कातडी ओढल्यासारखी दिसते, मान पूर्ण वळत नाही. तिने स्वतःहून इतरांना तुकडे कधी टाकायचे ते सांगितलं. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं.

वकील उशिरा आला. यादीत त्याचं नाव होतं, पण येईल असं मला वाटलं नव्हतं. तो माझ्याच टेबलाशी उभा राहिला, कारण तीच जागा रिकामी होती. कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करणारी काचेची नळी, स्टँडला बसवायचा होता. क्लॅम्पचा स्क्रू फिरवताना त्याची ती दोन बोटं सरळ राहत होती आणि काच निसटत होती. पहिल्यांदाच त्याच्या हातात काचेचा आवाज झाला. मी पुढे झाले, तर त्याने मान हलवली. मग त्याने कोपराने कंडेन्सर स्टँडला दाबून धरला आणि डाव्या हाताने स्क्रू आवळला. चार वेळा घसरला, पाचव्या वेळी बसला. सगळा वर्ग पाहायचं टाळत होता.

पाणी उकळलं. पहिला थेंब पडला. त्याने तापमान वहीत लिहिलं, डाव्या हाताने, मोठ्या वेड्यावाकड्या आकड्यांत.

तास संपल्यावर तो माझ्याकडे आला. म्हणाला, "तुमचं पत्र वाचलं."

मी नळ बंद केला.

"अभ्यासक्रम चांगला आहे. मी सगळे तास करणार आहे. पण मला दुसऱ्या गटात टाका. तुम्ही जवळ उभ्या असलात की माझा हात थरथरतो."

मी यादी काढली, त्याचं नाव दुसऱ्या गटात लिहिलं आणि त्याला दाखवलं. त्याने वाचून पाहिलं, वही उचलली आणि तो गेला.

ठमी